दोन सीटांची लाल गाडी

३ जानेवारी २०१८, बुधवार

विठूला गाडी घ्यायची आहे. साधी नव्हे — दोन सीटांची, लाल, टप मागे दुमडणारी! धाटावच्या कंपनीत कंत्राटावर नोकरी, रोह्यात तिघांत मिळून एक खोली, आणि चिरंजीवांना स्पोर्ट्स कार. जुनीच आहे म्हणे. पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या अस्लमभाईंच्या इद्रीसने मुंबईहून आणलेली. इद्रीस आता बायकापोरं घेऊन कायमचा कुवेतला चालला. महिनाअखेर गाडी गेली नाही, तर पनवेलचा दलाल घेऊन जाणार.

सरू भाकरी उलटता उलटता म्हणाली, "दोनच शिटा? मंग आम्ही दोघांनी काय टपावर बसायचं?"

"टप उघडतो, आई."

"मंग तर पडूच!"

मी हसलो नाही. एकच शब्द बोललो — नाही. रोह्याशेजारी वरसेला स्वतःची खोली घ्यायची म्हणून त्याने पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे असे उडवायचे? तेही नोकरी पक्की नसताना? विठू चिडला नाही, हीच पंचाईत. म्हणाला, "बाबा, इद्रीसभाई बोललाय, तुझ्या बाबांनी चालवून पास केली तरच देईन. आख्खा जन्म एसटी चालवलीत. एकदा बघा तरी."

बघायला काय जातं, असं पुटपुटत मी हात धुतले.

५ जानेवारी, शुक्रवार

केरूला सांगायला नको होतं. कंडक्टरच्या पोटात तिकीट राहत नाही तर गोष्ट काय राहणार? नागोठणं येईपर्यंत सगळ्या बसला कळलं. मागून कोणीतरी ओरडलं, "काळुरामदादा, पोराची गाडी आली की आमाला इसरू नका!"

८ जानेवारी, सोमवार

रोह्याला जेवणाची सुट्टी. डबा केरूकडे ठेवला आणि पूल ओलांडून अष्टमीला गेलो — गाडीत दोष काढायला.

अस्लमभाई ओटीवर सुपारी कातरत बसलेले. माझ्या बसचे जुने पॅसेंजर. "या काळुरामशेठ! पोराला नाय म्हनाय आलाव नं?"

म्हटलं, व्हय.

"मंग आत बसून नाय म्हना. उभ्याउभ्या कशाला?"

गाडी नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी, चक्क मच्छरदाणीखाली! कोंबड्या वर बसतात म्हणून. त्यांनी मच्छरदाणी ओढली आणि मी — काय सांगू — चपला काढल्या. का काढल्या? देवळात शिरल्यासारखं वाटलं खरं. अस्लमभाई पोट धरून हसले.

बसलो म्हणणं चूक आहे. उतरलो, विहिरीत उतरावं तसा. बसमध्ये मी जगाच्या डोक्यावरून बघतो. इथे अस्लमभाईंची लुंगी आणि एक कोंबडी, दोघं माझ्या डोळ्यांसमोर. किल्ली फिरवली. आमची बस सकाळी खोकत खोकत उठते. ही नुसती घुमली. पखवाजावरून कोणी तळवा फिरवावा तशी! अंगावर काटा आला.

दोष काढायचे राहिलेच. परत आलो तर केरूने अर्धा डबा संपवलेला.

९ जानेवारी

सकाळी पूजेला बसलो तेव्हा म्हटलं, देवा, ती गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात टाक. उठलो. परत बसलो. म्हटलं, तशी घाई नाही.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

आज चालवली! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

अष्टमीहून नागोठण्याच्या दिशेने निघालो. विठू शेजारी, टप उघडा. पहिल्याच गतिरोधकावर पोटाला खरवडल्याचा आवाज — मी गाडीला "सॉरी गो!" म्हणालो. पुढचा गतिरोधक आला की विठू खाली उतरायचा, म्हणजे वजन कमी. मी पलीकडे न्यायची, तो पळत येऊन बसायचा. गाडीला खड्डे परवडत नाहीत, हा पहिला दोष. लिहून ठेवतो. पण खिंडीचा चढ! बस तिथे गुडघ्यावर हात ठेवून चढते. ही चढली कधी ते कळलंच नाही.

आणि एक गोष्ट. या रस्त्याचे देव मला पाठ आहेत, पण वरून. बसमधून देवळीचं छप्पर दिसतं, आणि मी इतकी वर्षं त्या छपरालाच नमस्कार करत आलो. आज खिंडीतल्या शेंदऱ्या देवाचे डोळे दिसले. समोरासमोर. केवढे मोठे डोळे! ते रोज बसखालून माझ्याकडे बघत असणार आणि मी आपला वरून निघून जात असणार. विठू म्हणाला, "बाबा, का थांबलात?" मी स्टिअरिंग सोडून देवाला हात जोडले.

मग ते झालं! खिंड उतरल्यावर थांबा आहे. तिथे माझ्या बसची रोजची पॅसेंजर हौसाबाई उभी, वालाच्या शेंगांची पाटी घेऊन. तिने हात दाखवला. माझा पाय आपोआप ब्रेकवर! सवय. थांब्यावर हात दिसला आणि गाडी पुढे नेली, असं माझ्याकडून कधी झालेलं नाही.

हौसाबाई वाकून आत बघते. "काळुराम, ही कसली रं एसटी? बसकी!"

विठूच्या तोंडून निघून गेलं, "नवी आलीय, मावशे."

"मंग तू उतर. जवान हायस. म्हातारीला जागा दे."

आणि तो उतरला! नाही कसं म्हणणार? बाई बसली, पाटी मांडीवर, पदर दातांत. "अर्धं तिकीट हाय माझं," म्हणून नोट पुढे केली. म्हटलं, आज संक्रांत, फुकट. वारा लागला तशी ती गप्प झाली. मला वाटलं घाबरली. बघतो तर बाई डोळे मिटून हसत होती, शेंगा एकेक करून मागे उडत होत्या, आणि तिला पर्वा नव्हती!

नागोठण्याला मात्र ती उठेना. "काळुराम, मला वढ." दोन्ही हात धरून ओढून काढली. जाताना म्हणाली, "गाडी चांगली हाय. पन इच्यात बसलं की उठावसंच नाय वाटत."

विठू मागून विटांच्या टेम्पोतून आला, डोक्यापासून पायापर्यंत लाल. गाडीला अगदी शोभेसा.

१५ जानेवारी

हौसाबाईने गावभर केलं. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न — "बसकी एसटी किती वाजता हाय?"

१८ जानेवारी, गुरुवार

विठू सुट्टीवर आला. रामवाडीच्या गॅरेजवाल्याला विचारून आला होता. टायर मुंबईहून, काच मुंबईहून, बिघडली तर मेकॅनिकसुद्धा मुंबईहून. विम्याचा आकडा ऐकून सरूने कपाळाला हात लावला. पोराचा अर्धा पगार गाडी खाणार, उरलेल्यात पोरगा.

मी सगळं ऐकलं आणि म्हणालो — घे!

"अवो, तुमीच नाय म्हनत होताव!" सरू ओरडली. "आनि वरसेची खोली?"

मी म्हटलं, खोली कशाला हवी? वरचा मजला बांधायला मी पैसे ठेवलेच आहेत. त्याने इथे राहावं, गाडीने धाटावला जावं-यावं. लग्न झालं की सूनही इथेच. आत्ता हौस करायची नाही तर कधी? वय आहे.

सरू माझ्याकडे बघत राहिली. "कुनाचं वय?"

मी पाणी प्यायला उठलो. विठू मात्र एकदम गप्प. मला वाटलं, आनंदाने.

२१ जानेवारी, रविवार. माघी गणपती

देवळात रांगेत होतो. विठू हळूच म्हणाला, "बाबा, मला नाही परवडत."

म्हटलं, पैशाचं बघू आपण.

"पैशाचंच नाही नुसतं. उद्या कंत्राट संपलं तर गाडी दारात उभी आणि मी तिच्या शेजारी उभा. माझं अजून सगळंच व्हायचंय — नोकरी पक्की व्हायची, घर व्हायचं, लग्न व्हायचं. एवढं समोर असताना ती घेतली तर चालवताना मजा नाही येणार, नुसती भीती वाटेल. मी वरसेची खोली घेतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि वरचा मजला बांधू नका. रागावू नका बाबा, पण मी राहायला परत नाही येणार. माझं आता तिकडचंच झालं."

रांग पुढे सरकली. आम्हीही सरकलो. प्रसाद मिळाला, त्याने मोदक मोडून मोठा तुकडा मला दिला, लहानपणी मी त्याला द्यायचो तसा.

मुलगा शहाणा झाला. आईबाप देवाकडे दुसरं काय मागतात? मी मनापासून हात जोडले. वरच्या मजल्याचं थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. त्याच्यासाठी पूर्वेची खिडकीसुद्धा मनात काढून ठेवली होती. पण मुलं जायचीच. पिलाला पंख फुटले म्हणून घरट्याने रडायचं नसतं.

कळत नाही ते दुसरंच. पोरगा हसत हसत घरी आला, शीळ घालत, ओझं उतरल्यासारखा. आणि पन्नाशीला टेकलेला मी — खट्टू! जेवण गेलं नाही. सरूने दोनदा विचारलं. सांगणार काय? गाडी त्याची जात होती, आणि जीव माझा तुटत होता. देवा, ही कसली थट्टा!

२४ जानेवारी, बुधवार

अस्लमभाईंना नकार सांगायला गेलो. चहा प्यालो, कोंबड्यांची चौकशी केली, परत आलो. सांगायचं राहिलं.

२८ जानेवारी, रविवार

वरच्या मजल्याचे पैसे आज अस्लमभाईंच्या हातात दिले. सरूच म्हणाली, "वर ऱ्हानार कोन? पोराचं सगळं व्हायचंय, आपलं झालं की! जावा, आना ती." गाडी दारात आहे. जास्त लिहायला वेळ नाही — सरू कधीची आत बसून हॉर्न वाजवते आहे!