दोनशे सतराचा बिल्ला

६ जानेवारी, सोमवार

आठ महिने वहीला हात लावला नाही, माफी असावी. आई गेल्यावर सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज मात्र आनंदात आहे. बंद कारखान्याच्या जागी टॉवर उभे राहताहेत, आणि तिथे पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांचं एक लहानसं संग्रहालय मांडायचं काम मला मिळालं. गेटवरचे बरकतभाई तिथलेच जुने कामगार. त्यांनीच थेरगावात छबूबाईंच्या माडीवरची खोली मिळवून दिली. कंपनीची माणसं पूर्वीपासून तिथेच राहत. छबूबाई म्हणाल्या, एकटीनं जेवू नगं, ताट घेऊन खाली ये. गेले नाही. सवय मोडली आहे.

८ जानेवारी

हजेरीचे दोन फळे सापडले, ‘आत’ आणि ‘बाहेर’. कामावर येताना आपला पितळी बिल्ला ‘बाहेर’वरून काढून ‘आत’ टांगायचा, सुटताना परत. सगळे बिल्ले ‘बाहेर’ होते, एकटा २१७ ‘आत’. कोणाचा तरी विसराळूपणा समजून मी तो ‘बाहेर’ लावला. आधी फोटो तरी काढायचा. वस्तू आहे तशी ठेवावी, हे मीच इतरांना सांगत असते.

९ जानेवारी

संध्याकाळी पाच वाजता जिन्यावर पावलं वाजली. मोरीत कोणीतरी बराच वेळ हातपाय धुतले. दार उघडलं तर कोणी नाही. पायऱ्यांवर काळं तेल.

छबूबाईंनी मेथी निवडणं थांबवलं. "तुझ्या खोलीत यशवंता व्हता, आन त्याची रंभा. चाळीस वर्सं झाली. पयल्या शिफ्टला गेला, तो आलाच न्हाई. कंपनी म्हनली, गेटातनं गेला. लोक म्हनले, बायकूला टाकून पळाला. त्येच ऐकत मेली बिचारी."

१० जानेवारी

हजेरीपुस्तकात २१७ म्हणजे यशवंतच. तो बाहेर पडला नव्हता याची एकच साक्ष उरली होती, ती मी हलवली. बिल्ला ‘बाहेर’ लावला, आणि दुसऱ्याच दिवशी जिन्यावर पावलं.

बरकतभाई म्हणाले, "मॅडम, तापलेले पार्ट तेलात बुडवायचा खड्डा यशवंत गेला त्याच आठवड्यात बंद केला. झाकण ठोकून. आम्ही विचारलं, तर साहेब म्हणाले, पगार कामाचा मिळतो, चौकशीचा नाही." सोमवारी त्यात काँक्रीट पडणार. मी म्हटलं, पोलिसांत मी सांगते. माझी चूकही सांगेन.

११ जानेवारी

गेले नाही. पाचला आला. दाराबाहेर बसून राहिला, श्वास ऐकू येत होता. खड्डा उघडला, त्याला बाहेर काढलं, की तो यायचा थांबेल. थांबायलाच हवं.

हवंच ना?

१२ जानेवारी

चौकीच्या पायरीपर्यंत गेले — परतले. पावणेपाचला केस विंचरत होते. इथे खोटं लिहिणार नाही. मोरीत नवा साबणही ठेवला.

१३ जानेवारी

सकाळपासून काँक्रीटच्या गाड्या. बरकतभाईंनी विचारलं, मॅडम, तुम्ही सांगणार होता ना? मी म्हटलं, खात्री नाही. खात्री होती. खड्डा भरला. मी नुसती—

पाच वाजले. आज आत आला. पलंगाच्या कडेला बसलाय. तेलाचा वास. मान वळवून बघायचं धाडस — पण घरात कोणीतरी आहे, आणि मी

उद्या : दूध अर्ध्याऐवजी एक लिटर सांगणे.