लग्नाच्या मांडवात पडद्यावर झळकलेल्या शेऱ्यांबाबत खुलासा

मादोउ, मंगळवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थरूप थोरल्या मावशीस,

तुझ्या धाकट्या बहिणीच्या थोरल्या मुलीचा, म्हणजे जिचा फोन तू एकोणीस दिवस उचललेला नाहीस त्या शूइनचा, वाकून नमस्कार. काकांचा खोकला कसा आहे? लोदोंगला पाऊस थांबला का, की तुमच्याकडे कपडे अजून पंख्याखालीच वाळतात? तुमच्या गायन मंडळाचा सराव नेमाने चालू असेलच. आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. आई मजेत आहे. आमचे बंधुराज ज्युनहोंग आणि त्याची नवी बायको तर विचारूच नकोस. (मुद्दाम लिहिते आहे, कारण तू विचारणार नाहीस हे मला माहीत आहे.) फोन उचलत नाहीस, निरोपांना उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी दहा वर्षांनी हातात पेन धरलं. अक्षर वाईट आहे, ते समजून घे. पोटापाण्यासाठी मी बोटांनी काच घासते, लिहीत नाही.

ज्युनहोंगच्या लग्नाच्या जेवणात जे घडलं त्याबद्दल तुझ्या मनात जो राग आहे तो योग्यच आहे. फक्त तो चुकीच्या माणसावर आहे, एवढंच मला सांगायचं आहे, आणि ते सांगायला थोडं मागून यावं लागेल.

तुला माहीत आहे की मी काओश्योंगला मोबाइलची ॲपं बनवते. (तू लोकांना 'ती मोबाइल दुरुस्त करते' असं सांगतेस. मी दोनदा खुलासा केला, तिसऱ्यांदा तुझा मोबाइल दुरुस्त करून दिला, तिथे माझी बाजू संपली.) ज्युनहोंगचं लग्न ठरलं तेव्हा आईने पाहुण्यांची यादी लाल कागदावर काढायला घेतली. नवऱ्या मुलीची आई, आपल्या तैपेईच्या विहीणबाई, यांनी आपली यादी वेगळ्या कागदावर काढली. दोन याद्यांमध्ये सात माणसं दोन्हीकडे होती आणि एक दिवंगत होता. तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटलं, कागद ठेवा बाजूला, मी ॲप करते. कोण कुठल्या टेबलावर बसणार ते दोघींना आपापल्या मोबाइलवर दिसेल आणि मांडवात गाणारी बाई ज्या ट्रकवर उभी राहते त्यावरच्या मोठ्या पडद्यावरही दिसेल. ॲपला नाव दिलं 'बसा हं'. नाव आईला आवडलं. तिला त्यातलं तेवढंच आवडलं.

आता जरा धंद्यातली गोष्ट सांगते, दोन मिनिटं सहन कर. मोबाइलवर तुला जे दिसतं ते वेगळं आणि आत साठवलेली माहिती वेगळी. या दोघांना एकमेकांशी जोडून ठेवतात, त्याला आम्ही डेटा बाइंडिंग म्हणतो. एकेरी जोडलं तर आतलं बदललं की बाहेरचं बदलतं, बस. दुहेरी जोडलं तर बाहेर तू काही टाईप केलंस की तेही थेट आत जाऊन बसतं, आणि आत बसलं की सगळ्यांच्या पडद्यांवर उमटतं. जाणती माणसं दुहेरी जोडणी जपून वापरतात. पण आई म्हणाली, "ते सेव्ह-बिव्ह दाबायचं माझ्या लक्षात राहत नाही, लिहिलं की लिहिलं गेलं पाहिजे." म्हणून मी सरसकट सगळं दुहेरी जोडून टाकलं. आमच्या कचेरीत माझ्या शेजारी बसणारा वेइत्झ मला म्हणाला होता, "ताई, घरच्या लग्नात दुहेरी जोडणी नको." मी त्याला चहा पाजून गप्प केलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सगळं छान होतं. देवळापुढचा मांडव तू पाहिलासच. पण चार नंबरचं टेबल कुणी ठेवत नाही, मरणाचा आकडा म्हणून. आत माहितीत टेबलं ओळीने एक ते बावीस होती, म्हणून मी एक छोटा नियम लिहिला होता की चारपासून पुढे पडद्यावर आकडा एकाने वाढवून दाखवायचा. चारच्या जागी पाच, पाचच्या जागी सहा. नियम चांगला होता. पण जोडणी दुहेरी असल्यामुळे पडद्यावरचा वाढवलेला आकडा परत आत जाऊन बसायचा, आणि पुढच्या वेळी कुणी पान उघडलं की त्यात आणखी एक मिळवला जायचा. म्हणजे कुणी नुसतं आपलं टेबल बघायला मोबाइल उघडला, तरी सगळा गाव एक टेबल पुढे सरकायचा. मी चाचणी घेतली होती ती घरच्या पहिल्या तीन टेबलांवर. ती अर्थातच जागची हलली नाहीत. तू दोन नंबरवर होतीस, म्हणून तुला यातलं काही कळलं नाही.

आपली मादोउची माणसं सरळ आहेत. पडद्यावर सात लिहिलंय, सातवर बसले. बसून कलिंगडाच्या बिया सोलताहेत तोवर पडद्यावर आठ आलं. उठले, बिया घेऊन आठवर गेले. मग नऊ. पपनसवाल्या श्ये आजोबांनी तर शेवटी खुर्चीच उचलून बरोबर घेतली, म्हणजे निदान ती तरी नवी शोधायला नको. पहिलं थंड ताट वाढेपर्यंत सातव्या टेबलावर चिटपाखरू नव्हतं आणि शेवटच्या टेबलाभोवती एकतीस माणसं अत्यंत शिस्तीत, एकमेकांच्या मांडीवर नसली तरी खांद्यावर बसली होती. आचारी च्वांग खेकड्याचा चिकट भात डोक्यावर घेऊन माझ्याकडे आला. त्याची तीस वर्षं मांडवात गेली आहेत, पण त्या दिवशीचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या मोबाइलला एकदा विचारून घ्या, हे खेकडे कुठे उतरवू."

मी लॅपटॉप घेऊन चुलीमागे पळाले, पालथ्या घमेल्यावर बसले आणि घाईघाईत एक निर्णय घेतला. टेबलांचे आकडे पडद्यावरून काढूनच टाकायचे, फोटोखाली नुसती पाहुण्यांची नावं झळकवायची, बसतील जिथे बसायचं तिथे. त्यासाठी पडद्याची जोडणी आकड्यांपासून तोडून नावाच्या रकान्याशी करायची होती. एका शब्दाचं काम. धुराने डोळे चुरचुरत होते. माझ्याकडून ती जोडणी नावाशेजारच्या रकान्याशी झाली. नावाशेजारी होता शेऱ्याचा रकाना.

शेऱ्याचा रकाना मी खास आईसाठी केला होता. तिला माणसं ओळखू येतात पण नावं आठवत नाहीत, म्हणून मीच म्हटलं होतं, "ज्याने तुला माणूस आठवेल ते लिही, दुसऱ्या कुणाला दिसणार नाही." आईने मनापासून लिहिलं होतं.

पुढचं तू पाहिलंस, पण तू लवकर गेलीस, म्हणून क्रम सांगते. पहिल्यांदा गावप्रमुखांचा फोटो आला आणि खाली 'भाषण करतो, सूप आधी वाढून घ्यावं.' लोक हसले, त्यांना वाटलं गंमत म्हणून ठेवलंय, खुद्द प्रमुखही हसले. मग धाकट्या आत्याचे यजमान आले, 'बहिरा नाही, सोयीने ऐकतो.' तेही हसले, म्हणजे ऐकू आलं होतं. मग विहीणबाईंचा फोटो आला आणि खाली 'दर वाक्यात एकदा तैपेई.' तिथे हसणं थांबलं.

विहीणबाई आणि आई पहिल्या टेबलावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींचे चेहरे हसरे, कारण फोटोवाला समोर होता. विहीणबाईंनी टेबलक्लॉथखाली आपला मोबाइल उघडला. (यादीवर हक्क दोघींना सारखाच दिला होता मी, न्याय म्हणून, आणि माझ्या चुकीने शेऱ्याचा रकाना आता त्यांच्याही मोबाइलवर उघडला होता.) आणि पाच सेकंदांत पडद्यावर आईच्या फोटोखाली उमटलं, 'माझ्या मुलीला तीन वेळा वजन विचारलं.' आईचा एक हात टेबलावर माशाचा तुकडा विहीणबाईंना वाढत होता, दुसरा दिसत नव्हता. पडद्यावर आलं, 'काळजीपोटी विचारलं.' लगेच खाली, 'मग पाकात मुरवलेली फळं का पाठवली.' अडीचशे माणसं हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवून वाचत होती. गाणारी बाईसुद्धा गाणं सोडून मागे वळून वाचायला लागली. मी चुलीमागे बसून जोडणी सोडवत होते आणि मांडवात एवढी शांतता का झाली म्हणून मनात म्हणत होते की चला, माणसं स्थिरस्थावर झाली एकदाची.

आणि त्या दोघींच्या मध्येच, यादीचा क्रम आला म्हणून, तुझा फोटो आला. खाली 'माईकपासून लांब बसवणे.'

तू उठलीस, पर्स घेतलीस, पेइयूनच्या, म्हणजे नव्या सुनेच्या, गालाला हात लावलास आणि माशाचं पुढचं ताट यायच्या आत निघून गेलीस. हे मला वेइत्झने सांगितलं. तोही लग्नाला होता आणि तुझ्यामागे फाटकापर्यंत गेला होता, पण तू त्याला म्हणालीस, "मी कुठे बसायचं ते मला कळलं." मी त्यानंतर दोन मिनिटांनी ट्रकची वायरच उपटली. पडदा गेला, गाणं गेलं, पंखेही गेले.

आता खरी नवलाची गोष्ट सांगते. विहीणबाई आणि आई यांचं त्या दिवसापासून इतकं गूळपीठ आहे की पेइयून घाबरली आहे. एकमेकींबद्दलचं सगळं अडीचशे माणसांसमोर लिहून झाल्यावर मनात ठेवायला काही उरलंच नाही. परवा विहीणबाईंनी आईला लोकरीची टोपी पाठवली, इथे, मादोउला, या उन्हात, आणि आई ती घालून फोनवर बोलते. प्रमुखांनी भाषण सहा मिनिटांवर आणलंय. गावात सगळ्यांचं सगळ्यांशी मिटलं. राहिलं ते फक्त दोन बहिणींचं. आई तुझं नाव काढत नाही. फोन लावते, चार रिंगा ऐकते आणि "लागत नाही," म्हणून ठेवते. तू नवव्या रिंगेला उचलतेस हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

तेव्हा मावशी, दोष माझा आहे. जोडणी माझी, घाई माझी, एका शब्दाची चूक माझी. आईने खाजगीत लिहिलं होतं, भिंतीवर मी टांगलं. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
शूइन

ता. क. : आई मजेत आहे असं वर लिहिलं ते सर्वसाधारणपणे खरं आहे. चौदा तारखेला तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पाच दिवस दवाखान्यात, मग तीन आठवडे घरी. मला रजा मिळते आहे, पण तिने मला नको म्हटलंय. ज्युनहोंगलाही नको म्हटलंय. कोण हवं ते सांगत नाही, नुसती भिंतीकडे बघते. तू येऊ शकशील का? पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं होतं, मग मध्ये चार पानं झाली.

ता. क. दोन : परतीचं तिकीट काढू नकोस.

ता. क. तीन : एक कबुली राहिली. तुझ्याबद्दलचा तो शेरा आईचा नव्हताच. आईने मुळात लिहिलं होतं, 'ताई. हिला माईकजवळ बसवणे आणि गायला लावणे, मी सांगितलं असं सांगू नये.' मी गंमत म्हणून ते बदललं, माझ्या पदवीच्या जेवणात तू लागोपाठ सात गाणी म्हटली होतीस त्याचा वचपा म्हणून. आईला हे कळलं होतं, तरी तिने तुला सांगितलं नाही, तुझ्या तोंडापासून माझी सुटका व्हावी म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. आता तूच ठरव राग कुणावर धरायचा.

ता. क. चार, हे मी लिहिते आहे, तुझी बहीण : पाकिटावर पत्ता घालायला पोरीने पत्र माझ्याकडे दिलं आणि वाचू नकोस म्हणाली, म्हणून वाचलं. तिसरं ता. क. साफ खोटं आहे. माईकचा तो शेरा मीच लिहिला होता, चष्मा लावून लिहिला होता. पोरगी आपल्या दोघींचं जुळावं म्हणून थापा मारते, आणि त्याही चांगल्या मारते, मला वाचताना क्षणभर वाटलं की मीच किती चांगली आहे. तिसऱ्या गाण्यानंतर तुझा सूर उतरतो, ताई. हे तुला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही, टेबल लांब ठेवत आले. हे तोंडावर सांगायचं होतं, ते राहिलं. तू गेल्यावर त्या दिवशी दुसरं कुणी गायलं नाही, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही. दवाखान्यात तेराला दुपारी दाखल व्हायचं आहे. उद्यापासून मी रोज चार वाजता फोन करीन आणि नवव्या रिंगेपर्यंत धरून ठेवीन. उचललास तर आधी तू बोल. थोरलीला आधी बोलू द्यायचं, एवढं तरी आईने मला शिकवलं आहे.