स्कायलॅबचा विमा

२ जुलै १९७९, सोमवार
अमेरिकेचं अवकाशस्थानक स्कायलॅब आकाशातून पडणार हे नक्की. कुठे, ते अमेरिकेलाही ठाऊक नाही. नाशिकला विमा एजंटाची इतकी गरज पूर्वी कधीच नव्हती. आठ महिन्यांत माझी एकही पॉलिसी खपली नाही, ती बहुधा याच दिवसासाठी.

३ जुलै
पहिलं गिऱ्हाईक! शेजारच्या सुलाबाई. घरावर वरून काही पडलं तर भरून मिळतं का, म्हणाल्या. माहितीपत्रकात ‘अस्मानी-सुलतानी’ असं काहीतरी पाहिल्याचं आठवलं. अस्मानातून पडणार म्हणजे अस्मानी, अमेरिकेचं म्हणजे सुलतानी, दोन्हीकडून सेफ, असं ठणकावून सांगितलं. सौ. उत्तराने नुसतं पाहिलं. बायकांना बिझनेस कळत नाही. संध्याकाळी सुलाबाई पैसे घेऊन आल्या, पॉलिसी झाली.

६ जुलै
माहितीपत्रक आज पूर्ण वाचलं. ‘अस्मानी-सुलतानी आपत्ती वगळून.’ ‘वगळून’ फार बारीक छापलंय. चूक छापखान्याची. तरी जेवण गेलं नाही. उद्या सुलाबाईंना सांगायचंच.

७ जुलै
शनिवार. शनिवारी नको.

८ जुलै
निम्मी गल्ली दिंडोरीला नातेवाइकांकडे पळाली. स्कायलॅबला दिंडोरी वर्ज्य असावी. सुलाबाई मात्र इथेच. त्यांच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय, हलवता येत नाही. वर म्हणाल्या, विमा आहे ना भाऊ! मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी चहा पुढे केला. प्यालो.

१० जुलै
म्हातारीची खाट थेट पत्र्याखाली आहे. मी खोटारडा आहे. उद्या पहाटे पाचला उठून सांगणार.

११ जुलै, सकाळी ९
जाग आली नाही.

संध्याकाळी ६
गेलो. सांगवलं नाही. खाट आमच्या स्लॅबखाली आणू का, एवढंच विचारलं. म्हातारी म्हणाली, तुझ्या घरात ढेकूण हायेत.

१३ जुलै
स्कायलॅब ऑस्ट्रेलियाकडे पडलं. पहिली पॉलिसी आणि एकही क्लेम नाही! आता सांगायची गरजच नव्हती. पण मन खात होतं. शेवटी गेलो आणि सगळं कबूल केलं.

सुलाबाई म्हणाल्या, ठाऊक होतं की. उत्तरावहिनींनी त्याच दिवशी दुपारी ‘वगळून’ वाचून दाखवलं होतं. मग पॉलिसी घेतलीत कशाला, विचारलं. म्हणाल्या, रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघता आणि तोंड पाडून परत येता, बघवत नव्हतं भाऊ.

घरी आलो. उत्तरा उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. तिच्याकडे बघायची लाज वाटली.