एकही स्वल्पविराम बदलणार नाही

२२ ऑगस्ट १९९९, सकाळ
एकांकिका पूर्ण. नाव 'खड्डा'. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक सुभानराव, त्यांचे रस्ते, त्यांचे टँकर, मेहुण्याचं कंत्राट, सगळं नावानिशी. गणेशोत्सवात प्रयोग झाला की माणसाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. एकही स्वल्पविराम बदलणार नाही. मला अटक होऊ शकते, असं बायकोला सांगितलं. नीरा म्हणाली, जाण्याआधी गॅसचा नंबर लावून जा.

२५ ऑगस्ट
प्रयोगाला बडोदा पोलिसांची परवानगी लागते. तिथल्या गुजराती अधिकारीभाईंना मराठी येत नाही. सारांश गुजरातीत द्या, म्हणाले. 'एका सज्जन समाजसेवकाची हसतीखेळती कथा' असं लिहून दिलं. गनिमी कावा. दहा मिनिटांत शिक्का. निदान मान वर करून माझ्याकडे बघायला तरी हवं होतं.

३ सप्टेंबर
मंडळाचे सेक्रेटरी प्रतापराव घरी. म्हणाले, मांडव सुभानरावांचा, प्रमुख पाहुणेही तेच, जरा सांभाळून घ्या. तत्त्वाला धक्का न लावता नगरसेवकाचा सावली तालुक्यातला सरपंच केला. स्वल्पविराम आहेत तिथेच आहेत.

५ सप्टें.
प्रतापरावांचे व्याही सावलीचे. सरपंचाचा इंग्रज साहेब केला. साम्राज्यशाहीवर इतका थेट हल्ला बडोद्यात बऱ्याच वर्षांत झाला नसेल.

११ सप्टेंबर
तालीम. साहेबाचं काम करणारा बाळकृष्ण विचारतो, साहेब वाईट का आहे? खड्ड्याचा प्रवेश काढल्यामुळे कारण उरलेलं नाही. त्याला म्हटलं, सूचकता शीक. घरी नीराने विचारलं, अटक लांबली का? राग आला. खरं तर लाज वाटली, पण राग लिहिलेला बरा.

१९ सप्टेंबर, सकाळ
काल प्रयोग झाला. सुभानराव पहिल्या रांगेत, शेवटपर्यंत गंभीर. मनात म्हटलं, लागलं वर्मी. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा पडलेला. म्हणाले, पद्माकरभाऊ, तुम्ही माझ्यावर लिहिलंय असं ऐकून सगळे नातेवाईक घेऊन आलो. शेजारच्या वॉर्डातल्या नगरसेवकावर गेल्या वर्षी प्रहसन झालं, तेव्हापासून त्याला रिक्षावालेसुद्धा ओळखतात. मी तुमचं काय घोडं मारलं? पुढच्या वर्षी निवडणूक आहे. नाव घालून लिहा. खड्डे घाला, मेहुणा घाला, हॉल मी देतो.

अशा वेळी लेखकाने ताठ राहायचं असतं. म्हटलं, तसं लेखी द्या, मग बघू.