गुडघे दुखतात म्हणते

।। जय सेवालाल ।।
तांडा, ता. उमरखेड
१२ नोव्हेंबर २०२५

ती. बबिताबाईस,
बादलचा सा. न. वि. वि.

तू म्हणालीस पत्र लिही, म्हणून लिहितो. फोनवर आपण नुसतं अजून काय, अजून काय करत बसतो आणि मग तुझ्या कुकरची शिट्टी होते.

इकडे ठीक. बापू दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेले. घरी आता आई-लेक दोघंच, याडी आणि मी. यवतमाळचं कॉलेज सोडून चार महिने झाले. कोणी कापूस वेचायला बोलावलं तर जातो, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. केतकीने अजून ब्लॉकच ठेवलंय. रोज एकदा पाहतो, मग फोन पालथा ठेवतो. राग येत नाही. मला राग येत नाही असं आजवर झालंय का, तूच सांग.

एक काम मात्र लागलंय. आरोग्य केंद्रात दर मंगळवारी बायकांचा बोलण्याचा गट भरतो. ज्यांना झोप नाही, घास उतरत नाही, जीव घाबरतो, अशा आठ जणी लसीकरणाच्या खोलीत गोल बसतात. यवतमाळहून कुंदा मॅडम येतात. सुई नाही, गोळी नाही, आपलं सांगायचं आणि दुसरीचं ऐकायचं. पहिल्या मंगळवारी हंसाबाईने शेवटी विचारलं म्हणे, की एवढं बोलून घेतलं, आता औषध कोणत्या खिडकीवर मिळते. याडीचं नाव सुखीबाईने घातलं. ती आता आपल्या तांड्याची आशा सेविका आहे आणि याडी रात्र रात्र जागी असते हे तिला दिसलं.

अडचण भाषेची झाली. आपल्या बायकांना येते ती बाजाराची मराठी. तिच्यात भाव करता येतो, दुःख सांगता येत नाही. मनातलं आलं की गोरबोली सुरू, आणि मॅडमना त्यातलं ओ की ठो कळत नाही. सुखीबाईला दुभाषी करा म्हटलं तर बायका नको म्हणाल्या, तिच्या पोटात काही राहत नाही. मग हंसाबाईनेच माझं नाव काढलं. बादल कोणाशीच बोलत नाही, तर आपलं तरी कोणाला सांगणार, असा तिचा हिशोब. बायकांत पुरुष कसा, असं मॅडमनी विचारलं, तर म्हणाली की हा कुठला पुरुष, हे तर पडून राहणारं पोट्टं आहे. सगळ्या हसल्या. याडी नाही हसली. आई-मुलगा एका खोलीत मॅडमना पसंत नव्हते, पण दुसरं कोणी मिळेना.

गटातलं बाहेर न्यायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून पुढचं लिहीत नाही. मॅडमकडे नऊ प्रश्नांचा कागद असतो, माणूस किती उदास आहे ते मोजायचा. एक घरी आणून स्वतःवर भरून पाहिला. बारावीच्या फिजिक्सपेक्षा जास्त मार्क पडले.

संजय भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ असू दे. माझ्याकडून सध्या मागू नको, शिल्लक नाही.

तुझा
बादल


वणी
१९ नोव्हेंबर

चि. बादल यास,
बबिताचे अ. उ. आ.

पाकीट पाहून हे म्हणाले, बादलला अक्षर आहे हे आजच कळलं. इथे पांढरा कपडा वाळत घातला की संध्याकाळपर्यंत कोळशाच्या धुळीने राखी होतो, तेवढीच बातमी. यांची खाणीतली पाळी बदलली, त्यामुळे घरात कोणी ना कोणी कायम झोपलेलं असतं आणि बाकीचे खुसफुसत राहतात.

दुभाषा झालास हे बरं झालं. शाळेत मास्तरांनी तुला झोडपलं की घरी येऊन त्यांनी पाठ थोपटली असं याडीला सांगायचास, तेवढं तिथे करू नको.

याडीची मला काळजी वाटते. फोनवर ती एसटी स्टँडच्या लाउडस्पीकरसारखी एकाच आवाजात सगळं ठीक आहे म्हणते. जुलैपासून हे चाललंय. तू त्या खोलीत असतोस, तिच्या मनात काय आहे ते तुला तरी कळेल.

आणि त्या केतकीचं आता पुरे. याडी तुझ्यासाठी भाकरी घेऊन कॉलेजात आली, तिचा आरशांचा घेरदार फेटिया पाहून तो साकेत हसला, आणि तू त्याला मारलंस. आईसाठी हात उचलणारा म्हणून माझ्या सासरच्या तांड्यातही तुझं नाव घेतात. ज्या पोरीला एवढं समजत नाही, तिच्यापायी भिंत कायले बघत बसायची?

लोभ आहेच, पण जेवत जा. नुसत्या लोभावर भागत नाही.

तुझी
बबिताबाई


तांडा
२६ नोव्हेंबर

ती. बबिताबाईस,
सा. न. वि. वि.

शपथ मोडून राह्यलो. फक्त तुझ्यापाशी.

काल याडी गटात पहिल्यांदा बोलली. इतके मंगळवार ती बांगड्या फिरवत बसायची. काल सत्यभामा तिच्या गेलेल्या लेकराचं सांगून गप्प झाली आणि याडीने जमिनीकडे पाहत एकदम सुरू केलं. म्हणाली, माझ्यामुळे पोराचं शिक्षण सुटलं. मी त्या कपड्यात कॉलेजात जायला नको होतं. पोरं हसली, माझ्या पोराचं डोकं फिरलं, आणि सगळं गेलं. माझं तोंड दिसू नये म्हणून तो भिंतीकडे वळून झोपतो. आता मी असले काय, नसले काय. नसले तर त्याच्यामागची पीडा जाईल. डब्यात मीठ किती उरलं ते सांगावं, तशी बोलली.

मॅडम पेन धरून माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, गुडघे दुखतात म्हणते.

बायकांना तेवढी मराठी येते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी गुडघे असं लिहिलं, डॉक्टरांना दाखवू म्हणाल्या. याडीनेही मान हलवली.

असं काहून केलं ते सांगता येत नाही. जीभ वळली नाही, एवढं खरं. घरी येऊन तिने भाकरी टाकल्या, मी खाल्ल्या. चव लागली नाही, पण ती जुलैपासून लागतच नाही. त्या मारामारीचं तुला जे माहीत आहे, ते तसं नाही. पुढे कधी लिहीन.

लोभ राहील असं वाटत नाही. तरी.

बादल


वणी
१ डिसेंबर, सकाळ

चि. बादल यास,
आशीर्वाद नंतर.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. आई असलं बोलते आणि तू ते पोस्टाने कळवतोस? पाच दिवस ते कुठल्या तरी थैलीत पडून होतं. तुझा फोन बंद. याडीने तिचा उचलला आणि सगळं ठीक आहे म्हणाली. मी सुखीबाईला लावला. तिच्या पोटात काही राहत नाही हे मलाही माहीत आहे; आज मला तेच हवंय. ती आपल्या घरी जाऊन बसली आहे आणि मी सांगेपर्यंत उठणार नाही. ही चिठ्ठी उमरखेडच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते.

उद्या मंगळवार. गट भरायच्या आधी मॅडमना गाठ आणि याडीचा शब्द न् शब्द सांग. त्या रागावल्या तर रागावू दे. याडीलाही सांग की तिचा काही दोष नाही. आईवर हसणाऱ्याला मारलं, यात लाजायचं काय? ताठ मानेने सांग.

पोरगी तापाने पडली आहे. ती उठली की मी निघते.

माझ्या लोभाचं उद्या तू काय करतोस त्यावरून ठरेल.

बबिता


तांडा
३ डिसेंबर

ती. बबिताबाईस,
सा. न. वि. वि.

याडी बरी नाही, पण आहे. आधी तेवढं लिहितो.

काल नऊ वाजताच मॅडमना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. कागदावरचं गुडघे खोडलं आणि म्हणाल्या की चूक त्यांची, मुलाला आईचा दुभाषा करायलाच नको होतं. मग याडीला डॉक्टरांकडे नेलं. तिथे सुखीबाई दुभाषी झाली, मला बाहेर बसवलं. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. तोवर याडीला एकटं ठेवायचं नाही, म्हणून हंसाबाई आपल्याकडे मुक्कामाला आली आहे. घोरते. एका मंगळवारात कोणी बरं होत नसतं, असं मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर मी गटात बसू द्या म्हणून विचारलं. दुभाषा म्हणून नाही.

बाई, साकेत हसला नव्हता. हसणारे दुसरे होते. याडी उन्हात उभी पाहून साकेतनेच तिला सावलीत बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली. मी जिन्यावरून पाहत होतो. खाली गेलो नाही. केतकी शेजारी होती, आणि ती माझी आई आहे हे तिला कळू नये असं वाटत होतं. संध्याकाळी केतकीने सांगितलं की तिचं आता साकेतशी जमलं आहे. म्हणून मी त्याला मारलं. त्याचा ओठ फाटला. तांड्यात आल्यावर कोणीतरी विचारलं, आईवर हसला म्हणून मारलं का, आणि मी हो म्हणालो. सोपं होतं. मग चार महिने तेच चालू राहिलं.

हे मी गटात, याडीसमोर, आधी गोरबोलीत सांगितलं, मग मराठीत. सत्यभामा म्हणाली, म्हणजे आम्ही फुकटच याची तारीफ करून राह्यलो. मग याडीने विचारलं, पाणी देणारा तो चष्म्यावाला पोरगा का. मी हो म्हणालो.

तेव्हा ती उठून उभी राहिली. तिचा आवाज चढलेला मी जुलैनंतर पहिल्यांदा ऐकला. मॅडमनी सवयीने माझ्याकडे पाहिलं, तर मी सांगत गेलो. म्हणते, पाणी पाजणाऱ्यावर हात टाकणारा आमच्या घराण्यात झाला नाही. म्हणते, जिन्यावर हा उभा होता ते मी पाहिलं होतं, मला वाटलं माझी नजर अधू झाली. म्हणते, याच्यापेक्षा बैल बरा, तो निदान आपल्या माणसाला पाहून हंबरतो. एक शब्द खाल्ला नाही. मॅडम लिहून घेत होत्या, हंसाबाईने तोंडाला पदर लावला होता, आणि माझी कानशिलं तापली होती. बऱ्याच दिवसांनी अंगाला काही कळलं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला ये हेही हंसाबाईकडून सांगते. शनिवारी आम्ही दोघं यवतमाळला साकेतकडे जातो आहोत. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून काढलं होतं. याडीने तो कागद चुलीत घातला. बोलणार ती, गोरबोलीत. मी शेजारी उभा राहून साकेतला मराठीत सांगायचं.

तुझा लोभ आहे तितकाच असू दे, वाढवायची घाई नको.

बादल