माझं नाव घेणारा आवाज

माय, चार दिवसांमागं रेडिओ केंद्रातली एक मुलगी आपल्या ओसरीवर येऊन बसली होती. रेडिओवाला म्हटलं की तुला जीपमधून आलेला तो जाड भिंगांचा माणूसच आठवेल, ज्यानं तुम्हा बायकांना जात्यावर बसवून ओव्या फितीवर भरून नेल्या होत्या. ती फीत एवढी वर्षं केंद्रात पडून होती. आता त्यावर कार्यक्रम करायचा आहे, गाणाऱ्या बाया कोण होत्या ते सांगायचं आहे, आणि फितीवर नुसतं गावाचं नाव आहे. तुमच्यातलं कुणी उरलं नाही. म्हणून विचारत विचारत ती माझ्यापर्यंत आली. माझं शिक्षण तुला माहीतच आहे, आणि हल्ली तर गॅस बंद केला का ते बघायला मी तीनदा उठतो. अशा माणसाच्या भरवशावर ती शहरातून भोकरदनमार्गे उन्हातान्हात आली होती.

"आजोबा, दोन आवाज ठळक आहेत," ती म्हणाली. "त्यातला तुमच्या आईंचा कोणता, तेवढं सांगा." तिनं रेकॉर्डिंग लावलं. आधी जात्याची घरघर आली. मग एक आवाज, घोगरा, धुरानं घसा धरल्यासारखा. त्या बाईनं ओवीच्या शेवटी शेजारच्या काकूच्या पोराचं नाव घेतलं. मग दुसरा आवाज, बारीक, स्वच्छ, आणि त्या ओवीच्या शेवटी माझं नाव आलं. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोट वर करून बसलो होतो. "हीच," म्हणालो, "ही माझी माय." आणि पहिली कोण, असं तिनं विचारल्यावर म्हणालो, "ती शेजारची काकू. तिचा आवाज जरा बसकाच व्हता. तो थोडाच घ्या."

सून चहा घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "मामा, किती गोड गळा व्हता हो आजीचा. तुम्ही कधी बोलले न्हाई." मी मान डोलावली. मुलीनं माझ्यापुढं माइक धरला तेव्हा मी सरळ बसून सांगितलं की असा गळा आमच्या गावात दुसरा नव्हता. ती खूश होऊन गेली. मीही त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ज्वारीचं दळण घेऊन गिरणीवर गेलो. पट्टा फिरत होता, पीठ उडत होतं, बाकावर बसल्या बसल्या मला ती दुपार दिसायला लागली. तो माणूस जात्याशेजारी माइकचा दांडा उभा करतोय. मी तुला खेटून बसलोय, तू काकूच्या कानाशी वाकतेस. "ह्ये यंत्र आपला आवाज कुठं कुठं नेनार, कोन कोन ऐकनार. आपल्या लेकराचं नाव आपुन घेऊ न्हाई, नजर लागंल. तुझ्या पोराचं मी घेते, माझ्या पोराचं तू घे." काकू म्हणते, "तुझ्या काळ्या शेंबड्याला कोन नजर लावतंय?" "आन् लावली मंग?" दोघी पदर तोंडाला लावून हसता, आणि तो माणूस गप्प बसा म्हणून हात जोडतो.

म्हणजे माझं नाव घेणारी काकू होती. काकूच्या पोराचं नाव घेणारी तू होतीस. जो आवाज मी थोडाच घ्या म्हणालो, तो तुझा.

"काका, झोपले का?" गिरणीवाला ओरडला, "तुमचं पीठ कवाचं निघालंय." डबा उचलून घरी आलो. त्यानंतर दोन दिवस फोन हातात घेत होतो आणि ठेवत होतो. ती काय म्हणेल, म्हातारा चळला म्हणेल, कार्यक्रमातून गावच काढून टाकेल, नाना शंका. सून म्हणाली, "मामा, कवाधरनं कुनाला फोन लावून राह्यले?" शेवटी आज सकाळी लावला आणि सगळं सांगितलं.

मुलगी रागावली नाही. उलट पोरांची नावं अदलाबदल करून घेतल्याची गोष्ट तिला फार आवडली, म्हणाली हेही कार्यक्रमात सांगू. मग विचारलं, "आजोबा, आता नक्की ना? परत बदलायचं नाही." मी म्हणालो, नक्की. "मग असा गळा गावात दुसरा नव्हता, हे तुमचं बोलणं काढून टाकू?" मी म्हणालो, "न्हाई. ऱ्हाऊ द्या. पन ते बसक्या आवाजाच्या मागं लावा." ती हो म्हणाली. फोन ठेवता ठेवता तिनं सहज विचारलं, "त्या दिवशी कसं काय चुकलं हो?" मी सांगितलं, माझं नाव ऐकू आलं, म्हणून फसलो.

तुझ्या ओव्या पहिल्यांदा रेडिओवर लागल्या तो दिवस तुला आठवतो का गं? चावडीवर गावाचा एकच रेडिओ. तिथं बायका बसत नसत, म्हणून तू मला धाडलंस. मी पळत परत आलो तेव्हा तू चुलीपुढं होतीस. "कसा आल्ता रे?" तू विचारलंस. मी म्हणालो, "काकूचा लई गोड आला." तू भाकरी उलटलीस. "हां, तिचा गोडच हाये," म्हणालीस, आणि तव्यावरची गरम भाकर माझ्याच ताटात टाकलीस.

हे लिहिलेलं धाडायला तुझा पत्ता नाही, आणि घरात ठेवलं तर सून वाचेल. म्हणून तुला तेवढं सांगतो आणि कागद फाडतो. का चुकलं ते त्या मुलीला मी खरं सांगितलं नाही. ओवीत नाव अगदी शेवटी येतं, माय. माझं बोट पहिल्याच ओळीला वर गेलं होतं.