वरच्या मजल्याबद्दल

मी, देवानंद तुळशीराम हिवाळे, वय सदुसष्ट, धंदा पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरण्याचा, म्हणजे नवी तार गुंडाळण्याचा, राहणार परतूर, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे, तर दुपारचं जेवण करून, दुकानाचं शटर अर्धं ओढून, राजीखुशीनं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी कानही तपासले. म्हणाले, "या वयात असे कान?" मी म्हणालो, "साहेब, याच कानांचं खाल्लंय आजवर." मोटार विहिरीत आणि मी काठावर, तरी बेअरिंग गेलंय का हे मी सांगतो.

माझी पत्नी सोनूबाई चार वर्षांपूर्वी वारली. वारस दोन. मुलगा भारत, नोकरी जालन्यात. मुलगी सुमेधा, अविवाहित, सहा वर्षांपासून आफ्रिकेतल्या मलावी देशात, सरोवराच्या काठच्या एका शाळेत गणित शिकवते. भारत तिला बिनपगारी मास्तरीण म्हणतो. ती स्वतःला स्वयंसेवक म्हणते. संस्था तिला एक खोली आणि जेवणापुरते पैसे देते.

कलम १. परतूरचं दुमजली घर माझ्या कमाईचं आहे. खाली दुकान व दोन खोल्या, वर एक मोठी खोली व गच्ची. आष्टी शिवारातली दोन एकर मात्र वडिलांची. त्याबद्दल कलम ३ मध्ये.

कलम २. या कलमात मिळकत नाही. वकिलांनी वगळा म्हटलं तरी मी ठेवलं आहे. रोज साडेअकराला सुमेधाचा फोन येतो. तिथं तेव्हा सकाळचे आठ. ती फोन टेबलावर ठेवून देते आणि शिकवते. मी कानात लावून तारा गुंडाळत बसतो. आधी साठ पोरं एका दमात ओरडतात, "जयभीम, आजोबा!" मी दुकानातून "जयभीम" म्हणतो. गिऱ्हाईक इकडंतिकडं बघतं. मग पाढे सुरू. पाढे त्यांच्या भाषेत, चाल मात्र आपल्या अंगणवाडीची. पत्र्यावर पाऊस आला की शिकवणं थांबतं, कारण कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळा वर्ग गप्प बसून पाऊस ऐकतो आणि परतूरच्या कोरड्या उन्हात मीही. पाऊस उघडला की दूरवर होडीवाले एकमेकांना हाका मारतात, कोणीतरी धुणं आपटतं. पहिल्या वर्षी पोरं तिचे केस हातात घेऊन बघायची. पाण्याची बादली डोक्यावर धरायला त्यांनीच तिला शिकवलं. तीनदा सांडली, चौथ्यांदा टाळ्या वाजल्या. त्या टाळ्याही मी ऐकल्या. मी पासपोर्ट काढलेला नाही. तरी कधी कधी स्टेशनरोडनं चालताना पायाखाली वाळू लागते आणि उजव्या हाताला ते पाणी असतं, अफाट, हळू हळू काठाला लागणारं. कोणी हाक मारली की पाणी जातं.

कलम ३. बहीण केशरबाई हिच्याकडून १९९१ साली मी आष्टीच्या जमिनीचं हक्कसोडपत्र करून घेतलं. आपल्याकडं बहिणीला साडी-चोळी करतात आणि अंगठा घेतात, तसंच केलं. चार वर्षांनी नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं, तेव्हा ती पेटी घेऊन दारात आली. मी आत मोटार खोलून बसलेलो.

सोनूबाई म्हणाली, "बसा की, वन्सं. पेटी कशाला?"

"न्हाई वहिनी, बाजारला आल्ते. म्हटलं भेटून जावं."

पेटी घेऊन कोणी बाजारला येत नाही. आवाज आतून घासत होता. मी ऐकलं आणि हातातला नट पिळत राहिलो. चहा पिऊन ती गेली, तेव्हापासून मजुरी करून राहते. म्हणून आष्टीची एक एकर केशरबाईची, दुसरी भारतची. मी स्वतःला आपल्या हातानं वर आलेला माणूस म्हणवतो. त्यात एक एकर तिची होती, हे भारतनं लक्षात ठेवावं.

कलम ४. समोरचा मेकॅनिक अंगद तीस वर्षं माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, "देवानंदला कान हायेत, हात न्हाईत." माझी सगळी हत्यारं अंगदला द्यावीत. बघू दे त्याला.

कलम ५. मुख्य. मागच्या दिवाळीत भारतनं सुमेधाला फोनवर एक कागद पाठवला. घर विकून जालन्यात फ्लॅट घ्यायचा त्याचा विचार. तो मनानं वाईट नाही, घाईचा आहे. "तायडे, तू काय परत येणार न्हाईस. हक्क सोडून दे, बाबांच्या मागं झंझट नको." ती म्हणाली, "दादा, घे तू. मला काय करायचंय?"

मी वकिलांना विचारलं. ते हसले. "तुम्ही जिवंत, घर तुमचं. कोण कोणाला काय सोडून राह्यलंय?" कागदाला कवडीची किंमत नाही. पण पोरीच्या मनात त्याच्यावर सही झालेली होती.

हे मला या मार्चमध्ये कळलं. वर्ग सुटल्यावर ती सहज म्हणाली, जुलैत शाळा संपते, संस्थेचं कामही संपतं.

"मंग?"

"बघू. दुसऱ्या देशात मिळंल एखादी शाळा."

"आणि घरी?"

तिकडं कोंबडा आरवला.

"घर तर मी दादाला दिलं ना, बाबा. सगळं बराबर आहे माझं."

तो घासणारा आवाज मी एकदा दारात ऐकलेला आहे. या वेळी हातातला पान्हा खाली ठेवला.

म्हणून: वरचा मजला व गच्ची सुमेधाची, खालचा मजला भारतचा. ती तिथं राहो, कुलूप लावो, नाहीतर साठ पोरं आणून बसवो. भारतनं तिच्याकडं हक्कसोडाची सही नुसती मागितली, तरी खालचा मजलाही तिचा. हे कलम भारतला वाचून दाखवलं आहे. तो म्हणाला, "बाबा, माझ्यावर एवढाही भरोसा न्हाई का?" मी म्हणालो, "तुझ्यावर आहे. तुझा बाप काय करून बसला, ते मला माहीत आहे."

कलम ६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं, असा कायदा आहे. पण वरच्या मजल्यासाठी सुमेधानं माझ्या मरणाची वाट पाहू नये. तो आजपासून तिचा समजावा. काल साडेअकराला कलम ५ मी फोनवर वाचलं. वर्ग एकदम गप्प झाला. पोरांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण मॅडमचं तोंड दिसत असावं. ती नाक ओढून म्हणाली, "बाबा, वर पाणी चढतं का?"

मोटारवाल्याच्या घरात वरच्या टाकीला चार वर्षं पाणी नाही. मी म्हणालो, "चढवतो."

"ऑगस्टपर्यंत?"

ती मोटार आज सकाळीच खोलली आहे. तेव्हा सहीवर काळा डाग दिसल्यास तो वार्निशचा समजावा, खाडाखोड समजू नये.

सही: देवानंद तुळशीराम हिवाळे

आमच्यादेखत सही केली:
१. राधेश्याम बन्सीलाल झंवर, किराणा दुकानदार
२. कल्याण रंगनाथ ढवळे, निवृत्त शिक्षक

परतूर, दि. ३ मे २०२५